तांदळाच्या डब्यातलं पाकीट

आप्पा, तुम्ही गेला आहात असं समजून मी तुम्हाला याआधी एकदा लिहिलं आहे. अमेरिकेतल्या एका बागेचं चित्र असलेलं कार्ड होतं ते. ते लिहिलं तेव्हा तुम्ही होतात. पडवीतल्या खाटेवर पडून, मी निघाले का म्हणून दादाला विचारत होतात. त्याला आता नऊ वर्षं झाली. हे दुसरं. कुवेतमध्ये, हवल्लीतल्या आमच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडायच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. दुपारचे अडीच वाजलेत, हे हॉस्पिटलातून चारला येतात. तोवर होईल.

गेल्या आठवड्यात दादाचं पत्र आलं. जुन्या घराच्या मागे तो नवं घर बांधतो आहे, भिंती उभ्या राहिल्या. आता दारं-खिडक्या. लिहितो, "गावात हात म्हणशील तर त्या सुताराचाच. कुवेतचं काम सोडून परत आलाय, स्वतः येऊन विचारून गेला. पण ज्याने आप्पांच्या वेळेला पत्र दाबून ठेवलं, त्याच्या हातचा उंबरा रोज ओलांडायचा याला माझं मन घेत नाही. तुझं काय म्हणणं आहे ते कळव. तू म्हणशील तसं करू." दादा मला क्वचित काही विचारतो. हे विचारलं आहे.

त्याने पत्र दाबलं नव्हतं. मी दाबलं होतं. हे दादाला सांगायला हवं, आणि नऊ वर्षांत सांगितलेलं नाही.

आम्ही अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो दारात आला. तुम्हाला आठवत असेल, वाडीतला. तुम्ही त्याला हापूसची दोन कलमं दिली होतीत आणि "मेली तर तुला पुरीन त्या खड्ड्यात" असा दम दिला होतात. तो तेव्हा इकडे फिंतासला कंत्राटावर होता, नव्या इमारतींच्या फळ्या ठोकायच्या कामावर. महिनाभर गावी जाऊन नुकताच परतलेला. गावाहून येणाऱ्याच्या हाती पत्र द्यायचं ही आपल्या लोकांची रीतच होती. टपालापेक्षा लवकर पोचतं आणि तारेपेक्षा जास्त लिहिता येतं. हे ड्यूटीवर गेलेले, मी एकटी बॅगा भरत होते.

"ताई, मास्तरांनी दिल्यानी हा. तातडीचा आसा, आधी वाचा म्हणान सांगलानी."

"आत या ना. बसा, चहा टाकते."

"नको, चाय नको. पाणी पण नको. खाली गाडी उभी आसा, येतंय मी." आणि चपला न काढताच तो जिना उतरून गेला.

पाकीट दादाच्या अक्षरातलं, गावात सगळे त्यालाच मास्तर म्हणतात. वरच्या कोपऱ्यात श्री नव्हतं. आपल्या घरातून निघालेल्या पाकिटावर बारीकसं श्री नाही असं कधी झालं नाही, ती सवय तुम्हीच छडी घेऊन लावलेली. एकाच प्रकारच्या पत्रावर ते घालत नाहीत. आणि तसं पत्र आणणारा माणूस टेकत नाही, पाणीसुद्धा घेत नाही, हेही आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मी दारातच उभी राहिले. आप्पा गेले, असं मनात म्हटलं. दुसरं काही झालं नाही. गॅसवर दूध होतं, ते उतू जायच्या आत जाऊन बंद केलं.

मग मी पंचांग काढलं. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं तीन दिवस. दहा दिवसांनंतर कळलं तर दीड दिवस. कळल्यापासून लागतं ते. न वाचलेलं पत्र म्हणजे न कळलेलं. सुतार गावाहून निघून तीन दिवस झालेले, म्हणजे तुमचं सगळं होऊन गेलेलं असणार, अस्थीसुद्धा गोळा झाल्या असतील. मी जाऊन कोणाचं तोंड बघणार होते? असं एकापुढे एक मांडत गेले आणि सगळं बरोबर जुळत गेलं. बासमतीच्या मोठ्या डब्यात हात घालून मी ते पाकीट तळाशी ठेवलं, वर तांदूळ सारखे केले आणि झाकण लावलं.

शास्त्र मी नंतर शोधलं, आप्पा. आधी मला जायचं होतं. अकरा वर्षांत यांची प्रत्येक रजा गावी गेली. कोणाची मुंज, कोणाचं छप्पर, कोणाला घड्याळ, कोणाला टेरिकॉटचं कापड. आम्हाला मूल नाही, त्यामुळे सगळ्यांचं सगळं आमच्याकडे. यांचे एक डॉक्टर स्नेही इथली नोकरी सोडून अमेरिकेत टेनेसीला गेले होते. त्यांनी लिहिलं, एप्रिलात इकडचे डोंगर फुलतात, या, माझी गाडी घ्या आणि फिरा दोघंच. हे हिवाळाभर संध्याकाळी मला दस्मानच्या बाजूला समुद्रावर न्यायचे आणि बाकावर नकाशा पसरून लाल पेन्सिलीने रस्ता दाखवायचे. मी म्हणायची, फुलं बघायला एवढ्या लांब? पण घरी आल्यावर तो नकाशा घडी मोडू न देता मीच कपाटात ठेवायची.

संध्याकाळी यांनी विचारलं, कोण येऊन गेलं का? मी म्हटलं, नाही.

टेनेसीला पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या बायकोने चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. गावातल्या सहा-सात मराठी बायका, दोघी तर दोन तास गाडी चालवून आलेल्या. पाळणा नव्हता म्हणून गौर बाहुलीच्या झोपाळ्यात बसवलेली. "वहिनी, कैरी कुठली मिळतेय इथे," ती सांगत होती, "हिरवी सफरचंदं किसून घातलीत डाळीत. गौरीला म्हटलं, बाई गं, माहेरी आलीस ती एवढ्या लांब आलीस, आता मिळेल ते गोड मानून घे." सगळ्या हसल्या. मग म्हणाली, "तुम्ही आमच्यात मोठ्या, पूजा तुमच्या हातची होऊ दे." माझा हात तबकावर थांबला. तिला वाटलं मी आढेवेढे घेते. "बसा हो, लाजताय काय नव्या नवरीसारख्या!" मी बसले. गौरीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, सगळ्यांच्या ओट्या भरल्या. माझ्या मनाने मी सुतकात होते आणि पंचांगाने नव्हते. डाळ आंबट कमी होती, एवढं आठवतं.

मग पाच दिवस आम्ही दोघंच. कुवेतला उजव्या बाजूने गाडी हाकायची सवय, म्हणून यांना तिकडे काही जड गेलं नाही. मागच्या सीटवर थंड पेटीत पोळ्या, लसणीची चटणी, दह्याचा डबा. मी मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला दिलेला कलमाचा चाकू मी नेहमी सामानात ठेवते, त्याने सफरचंदं कापायची. रस्ता डोंगराच्या माथ्यावरूनच जातो, मैलोन् मैल, ना दुकान ना घर. आंबोलीच्या टोकावरून दिसतात तशा रांगा, एकीमागे एक, निळ्या. पण आपल्याकडे त्या खाली उतरून समुद्राला लागतात, तिथे संपतच नाहीत. धुकं येतं, जातं. झाडांना पालवी अर्धीच फुटलेली, आणि त्या उघड्या रानात मधेमधे पांढरी झाडं, चार-चार पाकळ्यांची. पान नाहीच, नुसती फुलं. डॉगवुड म्हणतात. हे दर वळणावर गाडी थांबवतात.

"बघ, बघ! अगं, तिकडे बघ!"

"बघतेय."

"बघतेय काय, काचेतून? उतर की खाली."

मी उतरते. बघते. परत बसते. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "तुला बरं नाही का? अकरा वर्षं मी तुला बोलताना ऐकतोय, पहिल्यांदाच गप्प दिसतेस." मी म्हटलं, गाडी लागते थोडी. झालं. त्यानंतर हे पुढचे दोन दिवस त्या घाटातून बैलगाडीसारखी गाडी नेत राहिले, मागचे लोक भोंगे वाजवून पुढे जात, आणि हे एका हाताने मला लिंबाची फोड देत. "चोख. बरं वाटेल." मी चोखत राहिले. रात्री मोटेलच्या खोलीत यांचे पाय सुजलेले असत. सकाळी मी आंघोळ करून देवांची डबी उघडायची, तुम्ही दिलेला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. पाणी घालायची, गंध लावायची, डबी मिटायची. काही मागितलं नाही.

पाचव्या दिवशी एका जुन्या श्रीमंत माणसाची बाग बघायला गेलो. तिकिटाच्या खिडकीतल्या म्हातारीने विचारलं, कुठून आलात. हे म्हणाले, कुवेत. तिला ते ठाऊक नव्हतं. म्हणाली, तिकडे फुलं असतात का? हे म्हणाले, "नाही बाई, तिकडे तेल असतं. फुलं तुमच्याकडे म्हणून तर आलो." तिने हसून मला एक नकाशा जास्तीचा दिला. आत टेकडी उतरत गेलेली, आणि टेकडीभर माणसाच्या उंचीची झुडपं, गुलाबी, शेंदरी, जांभळी, पान म्हणून दिसत नाही. लोक हळू आवाजात बोलत होते, देवळात बोलतात तसे. मी यांच्या मागून चालले होते. खालच्या अंगाला काचेचं मोठं घर, त्याच्या बाहेर एक माळी बसून कलमं बांधत होता. मी थांबले. फांदीला तिरका छेद, त्यात दुसरी बसवायची, अंगठ्याने दाबून धरायची आणि पट्टी खालून वर गुंडाळत न्यायची. अंगठा तुमच्यासारखाच धरला होता त्याने.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळा सुटली की सरकारी रोपवाटिकेत तुमच्याकडे यायची. तुम्ही नुकत्याच बांधलेल्या कलमांच्या ओळीतलं एक मी सोडून बघितलं, आत जुळलं का म्हणून. मग दुसरं. पाच सोडली. तुम्ही मारलं नाहीत. तुमचा साहेब शेजारी उभा होता, त्याच्यासमोर म्हणालात, "हिला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ही माझी पाच झाडं." आणि ती पाचही तुम्ही माझ्याच हाताने उपटवलीत. त्या दिवशी घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. रात्री पानात वाढताना आईने विचारलं, काय झालं, तर म्हणालात, काही नाही, शिकतेय.

हे माळ्याजवळ उभे राहून म्हणाले, "अगं, हे आप्पांना लिही. खूश होतील."

"हो."

"हो काय, आत्ताच लिही. इथे कार्ड मिळतात."

यांनी दुकानातून त्या टेकडीचं चित्र असलेलं कार्ड आणलं, तिकीट आणलं, बाकावर माझ्या शेजारी बसले आणि पेन उघडून दिलं. मी लिहिलं, ती. आप्पांस सा. न. वि. वि. आम्ही सुखरूप आहोत. इथे डोंगरात फुलं फार आहेत. कलम बांधायची रीत आपल्यासारखीच आहे. हे पुढे वाकून वाचत होते. म्हणाले, "वर श्री राहिलं." मी श्री घातलं. "आणि तब्येतीचं काहीतरी लिही, म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं." मी लिहिलं, प्रकृतीस जपावे. यांनी ते पेटीत टाकलं. नंतर आम्ही त्याच बाकावर चटणी-पोळी खाल्ली. ऊन छान होतं. आणि तिथून उठून पुन्हा टेकडी चढताना मला ती फुलं खरोखरच दिसायला लागली. तासभर मी यांच्या पुढे चालले. हेच मागून "हळू, हळू" म्हणत आले.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला परत आलो. वाळूचं वादळ होऊन गेलेलं, घरभर पिठासारखी धूळ. वरच्या मजल्यावर यांच्याच हॉस्पिटलातली एक रत्नागिरीची नर्स राहायची, सगळे तिला सिस्टर म्हणत. ती आमची चाहूल लागताच खाली आली आणि यांच्या हातात तार दिली. चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या पत्त्यावर आलेली. यांनी वाचली. माझ्याकडे बघितलं आणि मला आधी खाली बसवलं. "आप्पा गेले गं. मंगळवारी."

मी विचारलं, कुठल्या मंगळवारी?

यांना वाटलं मी भ्रमिष्टासारखं विचारते. सिस्टर पाणी आणायला वर तिच्या घरी गेली. मी मात्र मोजत होते. याच आठवड्यातला मंगळवार. पत्र येऊन तीन आठवडे झालेले. तेव्हा कुठे मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. पाकीट काढलं, फोडलं, तिथेच उभ्याने वाचलं. "आप्पा पडले. डावी बाजू गेली. शुद्धीवर आहेत, थोडं बोलतात. डॉक्टर म्हणतात आठ दिवस, फार तर दहा. सारखं तुझं विचारतात. हे मिळताच नीघ. सुताराची एस.टी. सुटते आहे, स्टँडवर उभ्याने लिहितो आहे, अक्षर समजून घे." श्री राहून गेलं ते म्हणून. आणि सुताराची गाडी खरंच खाली उभी होती.

इथून मुंबईला विमानाने चार तास लागत नाहीत. डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले होते, पत्र माझ्या हाती आल्यावरच तुम्ही सतरा काढलेत.

यांनी मागून येऊन विचारलं, हे काय? मी म्हटलं, दादाचं पत्र. पायपुसण्याखाली सापडलं मघाशी. आपण गेल्यावर दाराखालून टाकलेलं दिसतंय. हे वाचून यांच्या कपाळाची शीर उठली. "तातडीचं पत्र, आणि हा माणूस आपण गेल्यावर आणून टाकतो?" मी डब्याचं झाकण लावलं. त्याच दिवशी यांनी दादाला तसंच कळवलं.

मी तीन दिवस पाळलं. शुक्रवारी सुट्टी म्हणून सुतार भेटायला आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. जमिनीवर बसला. "देवमाणूस व्हतो," म्हणाला. "माझी कलमां आता धरतत. पयलो आंबो आप्पांकाच नेऊन दिललंय." हे खुर्चीवर ताठ बसलेले.

"एक विचारू? मास्तरांनी तातडीचं म्हणून दिलेलं पत्र तुम्ही किती दिवस खिशात घेऊन फिरलात?"

त्याला कळेना. "सायबानू, मी तर..." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. डोक्यावरून पदर, हातात रिकामा पेला. मी फरशीकडे बघत होते. तो थांबला. मग म्हणाला, "चूक झाली, सायबानू. कामाच्या गडबडीत रवलां."

हे म्हणाले, "चूक! तिकडे बाप मुलीची वाट बघून गेला, आणि तुमची गडबड!" तो उठला. मला म्हणाला, "येतंय, ताई." पाणी मी त्याला दिलंच नव्हतं, पेला माझ्या हातातच राहिला.

पुन्हा तो या घरी आला नाही. फिंतासच्या पोरांतही कळलं. आधी सगळे गावी पाठवायचे पैसे, औषधं, साड्या त्याच्या हाती द्यायचे, विश्वासाचा म्हणून. नंतर देईनासे झाले. सिस्टरने एकदा सांगितलं, मी ऐकून घेतलं. आणि दादा. दादा प्रत्येक वर्षश्राद्धाच्या पत्रात लिहितो, तारच करायला हवी होती, मी सुतारावर विसंबलो, माझीही चूक आहे. माझं कार्ड म्हणे तुमच्या तेराव्याला पोचलं. दादाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "प्रकृतीस जपावे" ऐकून आत्या मोठ्याने रडली, असं त्याने कळवलं होतं.

मी रोज देवाला दिवा लावते, आप्पा. एकादश्या करते. या गोष्टीची क्षमा अजून मागितलेली नाही. मागायची तर आधी दादाला सांगावं लागेल, मग यांना, मग त्याला. देवाचा नंबर शेवटी लागतो.

मी हे सगळं तुम्हाला अशा रीतीने लिहिलं आहे की आता दादाला काय लिहायचं ते मी ठरवणार आहे असं वाटावं. तसं नाही. दादाचं उत्तर काल झोपायच्या आधीच लिहून झालं होतं. सकाळी यांनी जाताना पोस्टात टाकायला नेलं. त्यात इकडची खुशाली आहे, गुडघ्याचं आहे, आणि शेवटी एक ओळ, दारांचं तुला योग्य वाटेल तसं कर.